पाया आठ, भुजा पाच

मार्च लागला की बडोद्यात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. कडुलिंब पानं गाळायला लागतात आणि दहावीच्या मुलांच्या आया दही-साखरेची वाटी घेऊन दाराशी उभ्या राहू लागतात. मी बावीस वर्षं कारेलीबागेत गणिताचे क्लास घेते, त्यामुळे माझा मार्च जानेवारीतच सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत लांबतो. माझ्याकडे येणारी मराठी घरांतली मुलं आईशी मराठी बोलतात, रस्त्यावर गुजराती, वर्गात इंग्रजी, आणि मोबाइलवर कोणती ते देव जाणे. त्रिकोणाला सगळ्या भाषांत तीनच बाजू असतात, एवढा एक दिलासा आहे.

परवा स्कूटरवरून अलकापुरीकडे निघाले होते. वाटेत एका पुलाचं काम चालू आहे. क्रेनने सिमेंटचा एक लांबट तुकडा उचलून धरला होता आणि तो उन्हात अगदी सावकाश फिरत होता. सिग्नल हिरवा झाला तरी मी वरच बघत राहिले. मागचा रिक्षावाला ओरडला, "ओ मासी, उपर शुं जुओ छो? आगळ जुओ ने!" मी त्याला काय सांगणार? हुकापासून खाली उतरणाऱ्या दोन साखळ्या त्या तुकड्यावरच्या दोन कड्यांमधल्या अंतराएवढ्या लांब आहेत की नाहीत, ते मी पाहत होते. होत्या. मग मी निघाले.

ही खोड बाबांमुळे लागली आणि बाबांना ती रमणभाईंमुळे लागली.

बाबा मकरपुऱ्याच्या बाजूच्या एका कारखान्यात फोरमन होते. तिथे रसायनांच्या मोठमोठ्या पोलादी टाक्या बनत. आमचे पूर्वज बडोदे सरकारच्या फौजेत होते म्हणे. त्यांनी पराक्रम काय केला हे घरात कोणी सांगत नसे, त्यामुळे फारसा केला नसावा. बाबांकडे त्यातली फक्त शिस्त आली होती. घरी आल्यावर ते आधी न्हाणीघरात जाऊन लाकडाचा भुसा आणि घासलेट घेऊन हात चोळत, मग साबणाने धूत, आणि मगच माझ्या वहीला हात लावत. तरी वहीला घासलेटाचा वास यायचाच. माझ्या भूमितीच्या वहीला तर इतका यायचा, की शाळेत बाई ती जरा लांब धरून तपासायच्या.

कारखान्यात क्रेनला वजन बांधणाऱ्या माणसाला खलाशी म्हणतात. समुद्राशी त्याचा काडीचा संबंध नसतो. रमणभाई बाबांच्या हाताखालचे सगळ्यात जुने खलाशी. चौथीनंतर शाळा सुटलेली. त्यांचा एक नियम होता. टाकीच्या पाठीवर दोन कड्या जोडलेल्या असत. साखळीचं एक टोक एका कडीपाशी धरायचं आणि दुसऱ्या कडीकडे ताणायचं. पोचली, तर बांधायची. नाही पोचली, तर लांब साखळी आणायची. बस्स. दोन्ही साखळ्या त्या अंतराएवढ्या असल्या की वर हुकापाशी साठ अंशांचा कोन होतो, तिन्ही बाजू सारख्या. साखळ्या आखूड असल्या की त्रिकोण चपटा होतो, आणि त्रिकोण चपटा झाला की वजन तेवढंच राहूनही साखळ्यांवरचा ताण वाढत जातो. रमणभाईंना यातलं साठही माहीत नव्हतं आणि अंशही. बाबा मला म्हणत, "शुभे, तो माणूस दिवसातून दहा वेळा समभुज त्रिकोण काढतो आणि तू एक काढताना तीन वेळा खोडतेस."

माझ्या दहावीच्या त्या वर्षी बाबांचाही मार्च गडबडीचा होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कारखान्यांतून सुरक्षा सप्ताह साजरा होतो. छातीला लावायचे बिल्ले येतात, फाटकावर कापडी फलक लागतो, सगळे जण हात पुढे करून शपथ घेतात. घोषवाक्यांची स्पर्धा असते. बाबांना त्यात दर वर्षी उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळे. आमच्या घरातली डाळ, पोहे, रवा सगळं सुरक्षिततेच्या कृपेने झाकलेलं असायचं. आई म्हणायची, "पहिलं बक्षीस मिळवू नका हं, तिथे घड्याळ देतात. मला अजून दोन डबे हवेत."

बाबांकडे कारखाना कायद्याचं एक पुस्तक होतं, पुठ्ठा निघालेलं. मी ते परीक्षेच्या दिवसांत वाचलं, कारण परीक्षेच्या दिवसांत अभ्यास सोडून सगळंच वाचावंसं वाटतं. आणि बाबा बाजूला बसून भर घालत. इंग्रजांच्या काळात पहिला कायदा झाला, त्यात मुख्य काय तर पोरांचं वय आणि यंत्रांभोवतीचे कठडे. मोठ्यांनी किती तास राबावं याबद्दल त्यात काही नव्हतं, ते पुढे कधीतरी सुचलं. स्वातंत्र्यानंतर अठ्ठेचाळीस साली मोठा कायदा आला. त्यात फिरत्या चाकांचं वेगळं कलम, डोळ्यांचं वेगळं, जमिनीतल्या खड्ड्यांचं वेगळं, साखळ्या आणि दोरांचंही वेगळं. भोपाळनंतर पुस्तक आणखी जाड झालं. मी विचारलं, "एवढं सगळं यांना आधीच कसं सुचलं?" बाबा म्हणाले, "आधी नाही सुचत कुणाला. कुणीतरी खड्ड्यात पडलं असेल, मग खड्ड्याचं कलम आलं."

त्या पुस्तकात पडलेल्या माणसाचं नाव कुठेच नाही. भूमितीच्या पुस्तकातही नसतं. तिथे अ, ब, क असतात आणि त्यांना कधी लागत नाही. मला तेव्हा ही दोन पुस्तकं एकाच घरात राहणाऱ्या, पण एकमेकांशी न बोलणाऱ्या जावांसारखी वाटायची. आता इतक्या वर्षांनी दोन्ही माझ्या कपाटात शेजारी आहेत.

त्या सप्ताहात फाटकाजवळ प्रदर्शन मांडायचं काम बाबांकडे होतं. त्यांनी टेबलावर तांबडं कापड अंथरलं, शिरस्त्राणं मांडली, चष्मे मांडले, आणि मधोमध साखळ्यांचा सगळ्यात चांगला जोड ठेवला. एका मोठ्या कडीत अडकवलेल्या दोन लांब साखळ्या, तपासून आलेल्या, तेल लावून पुसलेल्या. पुढे पाटी: चांगली साखळी अशी असते. पाहुणे येणार होते, फोटो निघणार होते. जोड चार दिवस तिथेच राहणार होता.

तिसऱ्या दिवशी एक टाकी ट्रकवर चढवायची होती. सहा टनांची. मार्च अखेरच्या आत माल बाहेर पडलाच पाहिजे, असं वरून दोनदा सांगून झालं होतं. कड्यांमधलं अंतर आठ फूट. कामावर उरलेला जोड आखूड होता, पाच पाच फुटांचा. रमणभाईंनी नेहमीप्रमाणे साखळी एका कडीपाशी धरून दुसरीकडे ताणली. ती तीन फूट कमी पडली. त्यांनी तशीच धरून बाबांकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेब, सांकळ पोंचती नथी."

लांब जोड दोनशे पावलांवर तांबड्या कापडावर होता. तो उचलला असता तर प्रदर्शन विस्कटलं असतं, आणि पाहुणे अर्ध्या तासात येणार होते. बाबा म्हणाले, "एक वार चालशे. धीमे धीमे उपाडो." एकदा चालेल, हळूहळू उचला.

एक साखळी तुटली. टाकीचं एक टोक खाली आलं आणि रमणभाईंचं डावं पाऊल त्याखाली सापडलं. पुढचा अर्धा भाग डॉक्टरांना काढावा लागला.

हे सगळं मला त्या दिवशी कोणी सांगितलं नाही. बाबा लवकर घरी आले आणि न्हाणीघरात बराच वेळ हात चोळत राहिले, एवढं आठवतं. मी समोर प्रमेयं पाठ करत होते. बाहेर कोणीतरी होळीसाठी वाळकी लाकडं ओढत नेत होतं. आईने दोनदा हाक मारली, "अहो, चहा निवला." मग ती स्वतःच तो प्यायली.

पुढच्या आठवड्यात कारखान्यात एक गोष्ट तयार झाली. कोणी तयार केली ते सांगता येत नाही, अशा गोष्टी तयार झालेल्याच सापडतात. रमणभाई त्या दिवशी बायकोशी भांडून आले होते. डोकं ठिकाणावर नव्हतं. भिंतीवर साखळ्यांचा एवढा मोठा तक्ता लावलेला असताना त्यांनी आपल्या मनाने आखूड जोड बांधला. मॅनेजरसाहेबांनी बाबांना बोलावून सांगितलं की फोरमन म्हणून तुम्ही असंच लिहून द्या. खलाशाने नियम मोडला असं कागदावर आलं, की रमणभाईंची नोकरी जाणार होती. नाही आलं, तर नियम दुसऱ्या कुणीतरी मोडला असं होणार होतं, आणि तिथे दुसरं होतं कोण?

गणिताच्या पेपरला तीन दिवस होते. बाबा जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर एक त्रिकोण काढून माझ्यापुढे आले. "हे सोडव. पाया आठ, दोन्ही भुजा पाच पाच. उंची किती?"

मी म्हटलं, "हे तर सातवीतल्या मुलाला येईल." निम्मा पाया चार, भुजा पाच, उंची तीन.

"आता या दोन भुजा म्हणजे साखळ्या. खाली सहा टनांचं वजन. साखळ्या सरळ उभ्या असत्या तर एकेकीवर किती?"

"तीन टन."

"तिरप्या झाल्या, की साखळीची लांबी उंचीच्या जितकी पट, तितकी पट ओझं. सांग."

पाच भागिले तीन, गुणिले तीन. "पाच टन," मी म्हणाले. "एकेकीवर पाच."

"साखळी चार टनांची आहे. आणि जुनी आहे."

"मग तुटणारच." उत्तर बरोबर आल्याच्या आनंदात मी पुढे म्हणाले, "ज्याने ही बांधायला सांगितली, त्याला भूमिती येत नव्हती."

"येत होती," बाबा म्हणाले.

पंधरा वर्षांची मुलगी फार हुशार नसते, पण तेवढी असते. मी वर बघितलं नाही. त्रिकोणाच्या शिरोबिंदूवर पेन्सिल फिरवत राहिले, आणि तो कागद तिथे फाटला.

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती बाहेर येऊन पदराला हात पुसत उभी राहिली. "तुम्ही सांगितलंत हे लिहून द्यायची काय जरूर आहे? रमणभाईंचा पाय येणार आहे का परत? चार्जशीट हातात ठेवतील तुमच्या. हिची अकरावी आहे." तिचं काही चुकत नव्हतं. मी तिच्या बाजूने होते, हे आता सांगून टाकते. मला बाबा घरी बसलेले नको होते. मला सायन्सला जायचं होतं, आणि रमणभाईंना मी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं.

बाबांनी वाद घातला नाही. रात्रभर विचार वगैरेही केला नाही, साडेनऊला झोपले आणि घोरले. सकाळी मला म्हणाले, "जरा लिहून दे. तुझी गुजराती चांगली आहे." बाबा गुजराती फाडफाड बोलत, पण लिहायला बसले की प्रत्येक शब्दावर मराठीसारखी रेघ ओढत, जी गुजरातीत नसतेच. मी गुजराती शाळेतली. आई म्हणाली की मग इंग्रजीत द्या. बाबा म्हणाले, "इंग्रजीत दिलं तर फायलीत जाईल. गुजरातीत असलं तर शिपाईसुद्धा वाचेल."

त्यांनी एकेक वाक्य सांगितलं आणि आकडे घालून लिहायला लावलं, सिद्धतेच्या पायऱ्या लिहितात तसं. एक, साखळ्यांचा लांब जोड प्रदर्शनात होता. दोन, तो तिथे मी ठेवला होता. तीन, टाकीच्या कड्यांमधलं अंतर आठ फूट आणि उरलेल्या साखळ्या पाच फुटांच्या होत्या. चार, रमणभाईंनी साखळी ताणून दाखवली आणि ती पोचत नाही असं मला सांगितलं. पाच, मी उचला म्हणालो.

"शेवटी काय लिहू?" मी विचारलं. सिद्धतेच्या शेवटी काहीतरी लागतं.

"सही," बाबा म्हणाले.

मॅनेजरसाहेबांनी कागद वाचला आणि परत दिला. "जाधवभाई, आ तो तमे लागणीमां आवीने लख्युं छे," भावनेच्या भरात लिहिलंय तुम्ही, असं समजुतीच्या सुरात म्हणाले, चहाही मागवला. बाबांनी दुसरं काही लिहून द्यायला नकार दिला. दोन दिवस गेले. मग सगळ्यांना सोयीचा असा एक दोषी सापडला. साखळी जुनी होती, असा अहवाल गेला. ते खोटंही नव्हतं. गॅसच्या ज्योतीने त्या साखळीचे तुकडे करून ती भंगारात टाकली. रमणभाईंना पाय बरा झाल्यावर हत्यारांच्या खोलीत बसून करायचं काम मिळणार, असं ठरलं. बाबांना साधी ताकीदसुद्धा मिळाली नाही. आईने सुटकेचा निःश्वास टाकला आणि हनुमानाला तेल वाहिलं. मीही टाकला. बाबांचं जेवण मात्र त्या दिवसापासून निम्म्यावर आलं. आमटी वाटीत तशीच राहायची आणि तिच्यावर साय धरायची.

याला कारण होतं. अहवाल कोणी वाचत नाही, आणि भांडणाची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली होती. ती कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडून रमणभाईंच्या चाळीपर्यंत गेली होती. बाबा तीनदा दवाखान्यात जाऊन आले, पण तिथे कायम नातेवाईक असत, मोसंबी सोलत बसलेले. बाबा मोसंबी खाऊन परत यायचे.

माझा गणिताचा पेपर बरा गेला. त्रिकोणांवर सतरा गुणांचं होतं आणि मी ते सगळं सोडवलं. असं काही झालं असताना आपल्याला पेपर कसा सोडवता आला, याचा मला आजही अचंबा वाटतो. मुलं क्लासमध्ये विचारतात, टीचर, टेन्शन आलं तर काय करायचं? मी त्यांना पाणी प्यायला सांगते. याहून जास्त मला माहीत नाही.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी बाबा शाळेबाहेर स्कूटर घेऊन उभे होते. मला वाटलं सेव-उसळ खायला नेतायत. स्कूटर प्रतापनगरकडे वळली. दुपारचे साडेतीन, ऊन तापलेलं. रुळांच्या पलीकडे एका चाळीत, तळमजल्यावर, खाटेवर रमणभाई बसले होते, पाय उशीवर ठेवून. रेल्वेच्या कारखान्यातून सुटलेले लोक सायकलींवरून दारासमोरून जात होते, आणि त्यांतले काही डोकावून बघत होते. रमणभाईंची बायको, शांताबेन, आत पीठ मळत होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत. आतूनच "आवो" म्हणाल्या, आणि त्या आवाजात काहीतरी मिटलेलं होतं.

बाबा खुर्चीवर बसले नाहीत. खिशातून तो कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "रमणभाई, हे मी साहेबाला दिलं होतं. त्यांनी घेतलं नाही. तुम्ही ऐका." मग मला म्हणाले, "वाच. मोठ्याने."

मला तेव्हा बाबांचा राग आला. स्वतःचं स्वतः का वाचत नाहीत? पण ते मान खाली घालून उभे होते, शाळेत अंगठे धरायच्या आधी मुलं उभी राहतात तसे. मी वाचायला लागले. पहिलं वाक्य, दुसरं. रमणभाई खिडकीकडे बघत होते. तिसऱ्या वाक्याला त्यांनी मान हलवली, अंतर बरोबर आहे अशा अर्थाने. मी चौथं वाचलं. रमणभाईंनी साखळी ताणून दाखवली आणि ती पोचत नाही असं मला सांगितलं.

"ऊभा रहो, बेन," रमणभाई म्हणाले. मी थांबले. त्यांनी आतल्या बाजूला तोंड करून हाक मारली, "शांता, अहीं आव."

शांताबेन पिठाच्या हातांनी दारात आल्या. इतके दिवस त्या एकच गोष्ट ऐकत होत्या, की सकाळी त्यांनी नवऱ्याशी भांडण केलं, तो डोकं तापवून कामावर गेला, आणि म्हणून त्याचा पाय गेला. भांडण झालं होतं हे खरं होतं. त्यामुळे पुढचंही त्यांना खरंच वाटत होतं.

"आ लीटी फरी वांचो ने," रमणभाई मला म्हणाले.

मी चौथं वाक्य पुन्हा वाचलं.

"सांभळ्युं? में माप्युं हतुं," ते बायकोला म्हणाले. ऐकलंस, मी मोजलं होतं. "मारुं ध्यान हतुं."

शांताबेन उंबऱ्यातच खाली बसल्या. त्यांनी पिठाचा हात तोंडावर धरला आणि त्या रडायला लागल्या, आवाज न करता. रमणभाईंनी मला पुन्हा खूण केली. मी तिसऱ्यांदा तेच वाक्य वाचलं, जरा सावकाश. शेजारची एक बाई येऊन उभी राहिली होती, तिच्यासाठी चौथ्यांदा वाचलं. मग आणखी दोघं आले.

बाबा भिंतीला टेकून, मान तशीच खाली घालून, पाचव्या वाक्याची वाट बघत उभे होते. ते वाचायला मला कोणी सांगितलंच नाही.